सातबाऱ्यातली तिरकी रेघ : सी भाषेत फाइलचं नाव आणि पत्ता सांभाळताना

आजचा विषय ऐकायला अगदी बारीक आहे. सी भाषेत प्रोग्रॅम लिहिताना फाइलच्या नावात किंवा पत्त्यात 'वेगळी' चिन्हं आली, तर काय होतं आणि काय करायचं? बहुतेक पुस्तकांत याला अर्धं पान मिळतं: 'बॅकस्लॅश दोनदा लिहा' आणि पुढचा धडा. पण आपण पुण्यात बसून मराठी माणसांच्या कागदांसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतो, तेव्हा हे अर्धं पान पुरत नाही. का पुरत नाही, ते आज बघू.

आपल्या सगळ्यांच्या घरात सापडणारा एक कागद घेऊ: सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणून सात-बारा. आपण तो लिहितो कसा? ७/१२. मध्ये तिरकी रेघ. जमिनीचा गट नंबरही तसाच: ४५/१, ४५/२, पुढं हिस्से पडले की ४५/२/अ. राज्याच्या जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, आणि या शहरात जमिनीचे कागद स्कॅन करून जपणारी लहानमोठी कामं सतत चालू असतात. असं काम करणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी वाटतं की फाइलचं नाव गट नंबरावरून ठेवावं. आणि तिथंच गाडी अडते. कारण युनिक्स असो, लिनक्स असो की विंडोज, तिरकी रेघ म्हणजे 'इथं एक फोल्डर संपलं, पुढचं सुरू झालं'. ४५/१ नावाची फाइल उघडायला सांगितली, की संगणक ४५ नावाच्या फोल्डरात १ नावाची फाइल शोधतो.

आमची चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही असंच एक काम घेतलं होतं. स्कॅन केलेल्या कागदांना गट नंबरावरून नावं द्यायची. रेघ चालत नाही म्हटल्यावर आम्ही सोपा उपाय केला: रेघ काढूनच टाकली. प्रोग्रॅम झटक्यात चालला, कुठलीही त्रुटी नाही. संध्याकाळी मोजणी केली तर कागद जास्त आणि फायली कमी.

कारण आता तुमच्या लक्षात आलंच असेल. ४५/१ मधली रेघ काढली की ४५१ होतं. ४/५१ मधली काढली तरी ४५१. आणि ४५१ नावाचा स्वतंत्र गट गावात असतोच. तीन माणसांच्या जमिनीचे तीन कागद, फाइल एक. एफओपनला आपण 'लिहायचंय' असं सांगितलं, की तो जुनी फाइल रिकामी करून नवीन लिहितो. विचारत नाही. मूळ कागद जागेवर होते म्हणून आम्ही वाचलो, सगळं पुन्हा स्कॅन केलं. कागद परत गेले असते तर?

म्हणून आजच्या व्याख्यानाचा पहिला नियम: नाव बदलायचं असेल तर ते असं बदला, की त्यावरून मूळ नाव पुन्हा मिळालं पाहिजे. दोन वेगळ्या नावांचं एक नाव कधीच होता कामा नये. रेघेऐवजी आडवी रेघ टाकली तरी अडचण सुटत नाही, कारण कुणीतरी मुळातच ४५-१ असं लिहिलेलं असतं. पक्की पद्धत म्हणजे टक्क्याची. वेबच्या पत्त्यांत जसं करतात तसं: तिरक्या रेघेऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि तिचा सोळा-पायाचा क्रमांक, म्हणजे '%२एफ'. कोलनसाठी '%३ए'. आणि जे सगळे विसरतात ते: खुद्द टक्क्याचं चिन्हही '%२५' असं बदलायचं. नाहीतर मूळ नावातच टक्का असला की उलटा प्रवास चुकतो.

काही जण रेघेसारखं दिसणारं दुसरं चिन्ह वापरतात, गणितातल्या भागाकाराची रेघ वगैरे. दिसायला तेच, संगणकाला वेगळं. आम्ही म्हणू की नका करू. सहा महिन्यांनी दुसरा माणूस कीबोर्डवरची साधी रेघ टाइप करून शोधेल, आणि फाइल समोर असून त्याला सापडणार नाही.

बॅकस्लॅशची गंमत

आता त्या अर्ध्या पानाकडं वळू. विंडोजवर फोल्डर वेगळे दाखवायला उलटी रेघ, बॅकस्लॅश वापरतात. याला इतिहास आहे. एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि साधी तिरकी रेघ आज्ञांचे पर्याय द्यायला वापरली जात होती. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ आधीच अडकलेली होती, म्हणून उलटी घेतली. पण सी भाषेत उलट्या रेघेला त्याच्या आधीपासूनच वेगळं काम होतं: 'पुढचं अक्षर साधं समजू नका' असं सांगण्याचं.

याचा त्रास मराठी माणसाला जरा जास्तच होतो. बघा, आपण फोल्डरची नावं मराठी शब्दांची पण रोमन लिपीत ठेवतो. 'नोंदी' एनने सुरू होतं: बॅकस्लॅश-एन म्हणजे नवीन ओळ. 'तलाठी' टीने: बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब. 'रजिस्टर' आरने: ओळीच्या सुरुवातीला परत जा. 'बारामती' बीने: एक अक्षर मागं या. 'फेरफार' एफने: नवीन पान. 'वसुली' व्हीने: उभा टॅब. आणि 'अर्ज' एने: बॅकस्लॅश-ए म्हणजे घंटा! एका साध्या कार्यालयातल्या फोल्डरांची यादी लिहिली, तर सी भाषेतली जवळजवळ सगळी खास चिन्हं त्यात येतात. राहता राहिला 'उतारा'. तो लहान यूने सुरू होतो. बॅकस्लॅश-यू दिसलं की कंपायलर पुढं चार सोळा-पायाचे अंक शोधतो, ते मिळाले नाहीत की प्रोग्रॅम तयारच होत नाही. विंडोजच्या 'यूझर्स' या फोल्डरात मोठा यू असतो, त्याला तर आठ अंक हवे असतात. खरं तर हे 'उतारा' प्रकरण सगळ्यांत बरं, कारण चूक लगेच कळते. 'नोंदी' आणि 'तलाठी' गुपचूप बिघडतात.

उपाय दोन. एक, प्रोग्रॅमच्या मजकुरात प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहायचा. दुसरा, आम्हाला जास्त आवडणारा: विंडोजवरही साधी तिरकी रेघ वापरायची. एफओपनला ती चालते.

इथं विद्यार्थ्यांचा नेहमी एक गोंधळ होतो, तो सोडवून पुढं जाऊ. ही दोनदा लिहायची भानगड फक्त प्रोग्रॅमच्या मजकुरात अवतरणचिन्हांत लिहिलेल्या पत्त्यासाठी आहे. वापरणाऱ्यानं कीबोर्डवरून पत्ता टाइप केला, किंवा तो दुसऱ्या फाइलमधून वाचला, तर त्यातला बॅकस्लॅश म्हणजे साधा बॅकस्लॅशच. तिथं तो दोनदा करायचा नाही.

मात्र वाचताना दुसरे दोन खड्डे आहेत. स्कॅनएफनं '%एस' वापरून वाचलं, तर तो पहिल्या मोकळ्या जागेवर थांबतो. 'माझी यादी' मधलं फक्त 'माझी' हातात येतं. म्हणून एफगेट्स वापरायचं. पण एफगेट्स ओळीच्या शेवटचं एंटरचं चिन्हही नावाला चिकटवून देतो. मग फाइल समोर दिसत असते आणि प्रोग्रॅम म्हणतो, 'अशी फाइल नाही'. बरोबरच आहे, शेपटीला एंटर असलेली फाइल खरंच नाहीये. आणि लिनक्सवर लिहिण्यासाठी उघडली, तर तो तशी फाइल निमूटपणे बनवूनसुद्धा देतो! वाचल्यावर पहिलं काम, ती शेपटी कापा.

'य' नावाची तिरकी रेघ

आता खऱ्या मराठी नावांकडं येऊ, देवनागरीतल्या. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवू. लिनक्सच्या दृष्टीनं फाइलचं नाव म्हणजे अक्षरं नाहीत, बाइटांची माळ आहे. तिला फक्त दोन बाइट चालत नाहीत: तिरक्या रेघेचा, म्हणजे ४७ क्रमांकाचा, आणि शून्याचा, कारण सी भाषेत शून्य म्हणजे मजकूर संपला. बाकी काहीही चालतं.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा प्रत्येक अक्षराला सरसकट दोन बाइट द्यायची कल्पना होती. देवनागरीच्या तक्त्यात 'य' चा क्रमांक काय आहे? ०९२एफ. दोन बाइट केले तर पहिला ०९ आणि दुसरा २एफ. आणि २एफ म्हणजे सोळा-पायात ४७. म्हणजे तिरकी रेघ! 'यादी' नावाची फाइल त्या पद्धतीनं युनिक्सला दिली असती, तर पहिल्याच अक्षरात त्याला फोल्डर दिसलं असतं. शिवाय साध्या इंग्रजी अक्षरांचा एक बाइट शून्य, म्हणजे नाव पहिल्या अक्षरावरच संपलं असतं.

हा प्रश्न फक्त आपला नव्हता. त्यावर एक्स-ओपन या संघटनेत तोडगा शोधणं चालू होतं, आणि त्या मसुद्याच्या नावातच 'फाइल सिस्टिम सेफ' असे शब्द होते. सप्टेंबर १९९२ मध्ये युनिक्सवाले केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून, टेबलावरच्या कागदी मॅटवर त्याची सुधारलेली मांडणी केली. आज आपण तिला यूटीएफ-८ म्हणतो. तिची खुबी अशी: जुन्या इंग्रजी संचाबाहेरचं कुठलंही अक्षर घ्या, त्याचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठाच असतो. आपला 'य' होतो २२४, १६४, १७५. यात ४७ येणं शक्यच नाही. म्हणून पत्त्यातली तिरकी रेघ शोधायला सी मधली जुनी साधी फंक्शनं यूटीएफ-८ मध्येही बिनधोक चालतात. जगभरची अक्षरं मावणारी ही पद्धत फाइलच्या पत्त्याची काळजी करता करता घडली, हे आम्हाला फार आवडतं.

पुण्याचा धागाही सांगायला हवा. युनिकोडचा देवनागरी तक्ता बेतला गेला तो भारताच्या 'इस्की' या संकेतप्रणालीवरून. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून जाहीर झाली, आणि १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट गटानं ती वापरात आणली. इस्कीत एका अक्षराला एक बाइट, तोही वरच्या अर्ध्यातला. त्यामुळं तिथंही रेघेशी टक्कर नव्हती. पण नव्वदच्या दशकात बहुतेक कार्यालयांत मराठी चाललं ते फाँटच्या आधारावर: आत रोमन अक्षरांचे क्रमांक, वर मराठी चेहरा. फाइलच्या नावाला तो फाँट लागत नसे, नाव नेहमी संगणकाच्या स्वतःच्या फाँटमध्ये दिसायचं. म्हणून आत मराठी पत्र आणि बाहेर रोमन नाव, ही आपली सवय पडली. ती आता कुठं सुटते आहे, आणि म्हणूनच जुने सी प्रोग्रॅम आता अडखळायला लागले आहेत.

विंडोजवर एफओपनला मराठी का येत नाही

लिनक्सवर यूटीएफ-८ मधलं मराठी नाव एफओपनला दिलं की फाइल उघडते. तोच प्रोग्रॅम विंडोजवर नेला की उघडत नाही. कारण विंडोज फाइलची नावं आत दोन-दोन बाइटांच्या एककांत ठेवतं, आणि साध्या एफओपनकडं आलेला मजकूर आधी जुन्या 'कोड पेज' मधून भाषांतरित करतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर हे पेज साधारणपणे १२५२ क्रमांकाचं, पश्चिम युरोपातल्या भाषांचं असतं. त्यात देवनागरी नाही. आणि मराठीसाठी तसं जुनं पेज विंडोजनं कधी दिलंच नाही, मराठी तिथं आली ती थेट युनिकोडमधून.

मग दोन प्रकारची लक्षणं दिसतात. यूटीएफ-८ चे बाइट सरळ दिले, तर 'य' चा पहिला बाइट २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच ए, दुसरा १६४ म्हणजे चार शेंड्यांचं चलनचिन्ह. अशा चिन्हांनी भरलेल्या नावाची फाइल तयार होते. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. दुसरं लक्षण, देवनागरी नावाचं जुन्या पेजात रूपांतर करायचा प्रयत्न झाला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही.

उपाय: विंडोजवर एफओपनऐवजी त्याचा रुंद अक्षरांचा भाऊ, डब्ल्यूएफओपन वापरायचा. आपल्या प्रोग्रॅममध्ये सगळीकडं यूटीएफ-८ ठेवायचं आणि अगदी दारात, फाइल उघडण्याच्या क्षणी, रूपांतर करायचं. मेनला मिळणाऱ्या नावांचंही तसंच, तिथं रुंद मेन घ्यायचा, नाहीतर नाव आपल्या हातात येण्याआधीच प्रश्नचिन्हं झालेलं असतं. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून आणखी एक सोय आहे: प्रोग्रॅमसोबतच्या मॅनिफेस्टमध्ये 'माझं कोड पेज यूटीएफ-८' असं जाहीर करता येतं. मग साधा एफओपनही मराठी समजतो. पण जुन्या मशीनवर नाही.

विसर्ग आणि कोलन

विंडोजची आणखी एक खोड. 'दुःख', 'स्वतः', 'निःशुल्क' यांतला विसर्ग आपण कसा टाइप करतो? खरा विसर्ग कीबोर्डवर पटकन सापडत नाही म्हणून कित्येक जण कोलन देतात. दिसायला सारखंच. आता विंडोजवर एखाद्या प्रोग्रॅमनं कोलन असलेलं 'दु:ख' हे नाव लिहिण्यासाठी उघडलं, तर काय होतं? त्रुटी येत नाही. एनटीएफएस या व्यवस्थेत कोलन म्हणजे 'या फाइलचा एक छुपा प्रवाह'. 'दु' नावाची फाइल तयार होते, आकार शून्य दिसतो, आणि सगळा मजकूर 'ख' नावाच्या छुप्या प्रवाहात जातो. पेनड्राइव्हवर ती 'दु' टाकली, की पेनड्राइव्हला बहुधा असे प्रवाह माहीतच नसतात, आणि मजकूर मागंच राहतो.

अशीच गोष्ट शेवटच्या टिंबाची. 'ता.', 'जि.', 'मु. पो.' हे आपले लाडके संक्षेप. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असली, तर विंडोज ती गुपचूप काढून टाकतं. 'पुणे जि.' आणि 'पुणे जि' तिथं एकच. लिनक्सवर दोन. म्हणजे लिनक्सवरून विंडोजवर नक्कल करताना पुन्हा एकावर एक फाइल. नियम तोच, पहिला.

शेतकऱ्यांची यादी

आता सर्वांत मराठी अडचण. 'शेतकऱ्यांची' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र, तो डोळ्याच्या पापणीसारखा. हा टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एक: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरी: साधा 'र', हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. शिवाय मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल व्यवस्थेत नाव साठवताना अक्षरं सुटी केली जायची. तिथं 'ऱ' चे 'र' आणि खालचा नुक्ता असे दोन भाग होतात. ही झाली तिसरी पद्धत.

मोजून बघू. पहिल्या पद्धतीत या शब्दात ११ युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे ३३. दुसरीत १२ चिन्हं, ३६ बाइट. तिसरीतही ३६, पण वेगळे. स्ट्रकम्प या तिन्हींना तीन वेगळी नावं मानतो. एका फोल्डरात 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या तीन फायली शेजारी शेजारी बसू शकतात, आणि त्यांतली ताजी कोणती, हे माणसाला नावावरून सांगता येणार नाही. अनुदानाची यादी असेल, आणि जुनीच उघडली गेली, तर कुणाचं तरी नाव राहिलं. हा निव्वळ तांत्रिक प्रश्न राहत नाही, बरं का.

यावर युनिकोडचा 'सामान्यीकरण' हा उपाय आहे. त्यातल्या जोडणाऱ्या प्रकारानं तिसरं रूप पहिल्यात येतं: र आणि नुक्ता मिळून पुन्हा 'ऱ'. पण दुसरं रूप, ते अदृश्य जोडचिन्हवालं, त्यानं बदलत नाही. ते आपल्यालाच मराठीसाठी वेगळा नियम लिहून बदलावं लागतं: र, हलन्त, जोडचिन्ह दिसलं की 'ऱ' आणि हलन्त करा. इथं एक सावधगिरी मात्र हवीच. हे रूपांतर फक्त तुलना करायला किंवा नवीन नाव ठेवायला. फोल्डरातून वाचलेली फाइल उघडताना तिचे मूळ बाइट जसेच्या तसे द्यायचे. 'शुद्ध' करून दिले, तर त्या शुद्ध नावाची फाइल तिथं नसते.

लांबी आणि चिन्ह

लिनक्सच्या ईएक्सटी-४ वर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजीत २५५ अक्षरं, देवनागरीत फक्त ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ दोन-बाइटी एककांची, तिथं मराठीलाही पूर्ण २५५. त्यामुळं '... योजनेअंतर्गत लाभार्थ्यांना अनुदान वितरित करण्याबाबतचा प्रस्ताव' अशा पूर्ण विषयाचं नाव विंडोजवर सुखानं राहतं आणि लिनक्सवर नक्कल करताना अडतं. अशा वेळी स्ट्रएनकॉपीनं कापू नका. कात्री अक्षराच्या मधोमध पडली तर उरलेले बाइट कुठलंच अक्षर नसतात. कापणं भागच असेल तर १२८ ते १९१ मधला बाइट असेपर्यंत मागं सरका आणि मग कापा. पण कापलेली दोन नावं एक होऊ शकतात, हे विसरू नका. आम्ही तर म्हणू, कापू नका, स्पष्ट त्रुटी द्या. पत्ता जोडताना एसएनप्रिंटएफ वापरा, आणि तो किती लांबी परत सांगतो ते तपासा. जागेइतकी किंवा त्याहून जास्त सांगितली म्हणजे पत्ता तुटलाय.

दुसरी बारीक गोष्ट. इंटेल संगणकांवर सी मधला 'कॅर' सहसा ऋण संख्याही धरतो. देवनागरीचा पहिला बाइट २२४ तिथं उणे ३२ होतो. तो तसाच इझस्पेससारख्या फंक्शनला दिला, तर काय होईल याची भाषा हमी देत नाही. एआरएमच्या लिनक्सवर, उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, तोच प्रकार धन असतो, म्हणून तिथं चूक लपते. आधी अनसाइन्ड कॅर करून मगच द्यायचं.

नाव म्हणजे आज्ञा नव्हे

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा. मघाशी आपण टक्क्याची पद्धत घेतली. आता ते '४५%२एफ१' नाव पडद्यावर दाखवायचं म्हणून कुणी सरळ प्रिंटएफला दिलं, पहिलाच घटक म्हणून. प्रिंटएफ '%२एफ' वाचतो आणि म्हणतो, अच्छा, दोन घरांत दशांश संख्या छापायची. संख्या कुठली? दिलेलीच नाही. मग हाताला येईल ते छापतो. '%एन' असेल तर मेमरीत लिहितोसुद्धा. प्रिंटएफला नेहमी आधी '%एस' आणि मग नाव.

तसंच सिस्टिम या फंक्शनचं. नाव जोडून आज्ञा बनवायची आणि शेलला द्यायची, हे सोपं वाटतं. पण 'पाटील & सन्स' मधला '&' शेलला आज्ञा वाटतो, मोकळी जागा दोन नावं करते, अर्धविराम नवीन आज्ञा सुरू करतो, तारा फोल्डरातल्या सगळ्या फायली गोळा करतो. 'जुन्या *' नावाची एक फाइल पुसायला जाल आणि फोल्डर रिकामं होईल. पुसायला अनलिंक आहे, नाव बदलायला रिनेम आहे, ते थेट वापरा. दुसरा प्रोग्रॅम चालवायचाच असेल तर एक्झेकव्हीपीसारखं फंक्शन घ्या, ते शेलला मध्ये घेत नाही. आणि आडव्या रेघेनं सुरू होणारं नाव त्या प्रोग्रॅमला पर्याय वाटू नये, म्हणून आधी './' जोडा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका ताईंनी विचारलं: मग नावं रोमनमध्येच ठेवलेली काय वाईट? किंवा नुसते क्रमांक? वाईट नाही. मोठ्या कामात आम्हीही फाइलला क्रमांक देतो आणि खरं नाव नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतो. पण मग ती नोंदवही फायलींइतकीच जपावी लागते. ती हरवली, तर हजारो क्रमांक उरतात आणि कुणाचं काय ते कळत नाही. आणि ज्या आजोबांना पेनड्राइव्हवर आपलाच उतारा शोधायचाय, त्यांना मराठीत वाचता आलं पाहिजे. त्यांनी संगणकाची सोय का म्हणून बघायची?

दुसरा प्रश्न: एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? नका ठेवू. एक चाचणीचं फोल्डर करा. त्यात 'दुःख' दोन्ही पद्धतींनी, 'शेतकऱ्यांची यादी' तिन्ही पद्धतींनी, मोकळी जागा असलेलं एक, '&' असलेलं एक, टक्का असलेलं एक, आडव्या रेघेनं सुरू होणारं एक आणि ८५ चिन्हांचं एक, अशी नावं ठेवा. कोलनवालं विंडोजवर नीट बनणार नाही, तेवढं ध्यानात असू द्या. नवा प्रोग्रॅम आधी या फोल्डरावर चालवा. फाइल उघडली नाही तर नुसतं 'चूक' न छापता स्ट्रएररनं कारण छापा, आणि तरी कळलं नाही तर नावाचे बाइट एकेक करून आकड्यांत छापा. डोळे फसतात, आकडे फसत नाहीत. आणि शेवटी, आम्ही त्या संध्याकाळी केली ती मोजणी विसरू नका. आत किती गेले, बाहेर किती आले. कागद जितके, फायली तितक्या. ते जमलं तर बाकी दुरुस्त करता येतं.